देशी, जर्सी आणि म्हैस: स्पीशीज कुठली, ब्रीड कुठलं, आणि हत्ती पाळीव का नाही

प्रश्न पशुसंवर्धनाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या एका शेतकरी मुलाचा आहे. थोडक्यात असा: "पुस्तकात देशी गाय म्हणजे बॉस इंडिकस आणि जर्सी, होल्स्टिन म्हणजे बॉस टॉरस असं दिलंय. दोन स्पीशीज वेगळ्या असतील तर आमच्या जर्सी-खिल्लार क्रॉस गायीची तीन वेतं झाली ती कशी? संकर वांझ असतो ना? आणि होत असेल, तर गाय-म्हशीचा का होत नाही? शिवाय हत्ती हजारो वर्षं माणसाजवळ आहे, तरी पाळीव प्राण्यांत त्याला का धरत नाहीत?"

उत्तर आधी सांगतो, कारणं मागून येतीलच. देशी आणि जर्सी यांना दोन स्पीशीज म्हणणं ही नावं ठेवण्यातली जुनी सोय आहे. रक्ताच्या नात्यानं त्या एकाच रानटी पूर्वजाच्या दोन शाखा आहेत. गाय आणि म्हैस मात्र खरोखरच लांबच्या. आणि हत्ती माणसाळतो, पण पाळीव झालेला नाही. एखाद्या जनावराचा वंश कुठून आला, कागदावर त्याचं नाव काय आणि त्याच्या पैदाशीवर माणसाचा ताबा किती, हे तीन प्रश्न निरनिराळे आहेत. परीक्षेची पुस्तकं तिन्हींची उत्तरं एकाच तक्त्यात कोंबतात आणि मग तुमच्यासारख्या विचार करणाऱ्या पोराची पंचाईत होते.

शाळेच्या पुस्तकातली 'जाती' (स्पीशीज) वेगळी आणि गोठ्यातली 'जात' (ब्रीड) वेगळी, म्हणून खाली मी सरळ स्पीशीज आणि ब्रीड हेच शब्द वापरतो.

जगातल्या सगळ्या गायींचा रानटी पूर्वज म्हणजे ऑरॉक्स. युरोपपासून हिंदुस्थानापर्यंत आणि उत्तर आफ्रिकेतही त्याचे कळप होते. शेवटची ऑरॉक्स गाय १६२७ मध्ये पोलंडमधल्या याक्तोरूफच्या जंगलात मेली, त्यामुळे आज जिवंत नमुना बघायला मिळत नाही. आपल्याकडचा ऑरॉक्स नर्मदेच्या खोऱ्यातल्या जीवाश्मांवरून माहीत आहे. त्याचं नावच नामाडिकस आहे. पश्चिमेकडचे आणि आपल्याकडचे कळप लाखो वर्षं एकमेकांपासून तुटलेले होते. माणसानं त्यांना हाताशी धरलं तेही दोन ठिकाणी. पश्चिम आशियात युफ्रेटिस-टायग्रिसच्या वरच्या खोऱ्यात साधारण १०,५०० वर्षांपूर्वी, त्यातून जर्सी, होल्स्टिन वगैरे बिनवशिंडाच्या गायी आल्या. आणि सिंधूच्या पट्ट्यात साधारण ८,००० वर्षांपूर्वी, त्यातून खिल्लार, गीर, साहिवाल, देवणी. बलुचिस्तानातल्या मेहरगढच्या उत्खननात हा बदल थरांमध्ये वाचता येतो: वरच्या थरांत गायीच्या हाडांचं प्रमाण वाढत जातं आणि हाडं आकारानं लहान होत जातात. जनावर माणसाच्या ताब्यात आल्याची ही नेहमीची खूण.

म्हणजे फुटलेल्या शाखा जुन्या आहेत, पण पुरत्या तुटलेल्या नाहीत. दोन्हींची गुणसूत्रं ६०. तुमची क्रॉस गाय तीन वेतं झाली यात नवल काहीच नाही, ती दहा होईल. फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर तो वाय गुणसूत्रात दिसतो. बिनवशिंडाच्या वळूचं वाय सूक्ष्मदर्शकाखाली दोन भुजांचं दिसतं, वशिंडवाल्याचं एकाच भुजेचं. गोठवलेल्या रेतमात्रा तयार करणाऱ्या केंद्रात वळू दाखल करण्याआधी रक्त घेऊन गुणसूत्रं तपासतात, ती काही जन्मजात दोष आहे का हे बघायला. पण त्यात हीही गंमत उघडी पडते. वशिंड ठसठशीत, गळ्याखालची पोळी लोंबती, कान-शिंगं चित्रातल्यासारखी, आणि स्लाइडवर वाय दोन भुजांचं! याचा अर्थ बापाच्या ओळीत कधीतरी विदेशी वळू येऊन गेला. जर्सी वळूच्या गोऱ्ह्याला देशी गायी दिल्या, त्याच्या गोऱ्ह्याला पुन्हा देशी गायी दिल्या, की चार-पाच पिढ्यांत रूप देशी होतं, पण वाय बापाकडून मुलाकडं जसंच्या तसं उतरत राहतं. उलट, आईच्या बाजूनं शिरलेलं विदेशी रक्त या तपासणीत मुळीच सापडत नाही. त्याला डीएनए चाचणीच लागते. "वळू शुद्ध आहे, सर्टिफिकेट आहे" म्हणणाऱ्याला कुठली चाचणी केली हे जरूर विचारा.

एक गोष्ट मात्र खरी. संकरित गायी बिनतक्रार गाभण राहतात, पण संकरित वळूंत वीर्याचा दर्जा खराब निघून वळू बाद करावा लागण्याचं प्रमाण शुद्ध देशी वळूंपेक्षा जास्त असतं, हा आपल्याकडच्या केंद्रांचा जुना अनुभव आहे. लाखो वर्षांच्या ताटातुटीची किंमत थोडीफार मोजावी लागते, आणि ती नराला मोजावी लागते.

इथं तुमच्या 'संकर वांझ असतो' या नियमाकडं येऊ. खेचरापुरता तो चोख बसतो. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३. जोड्या जुळत नाहीत, खेचर वांझ. पण लडाखमध्ये जाऊन बघा. तिथं याक आणि गाय यांचा संकर पिढ्यान् पिढ्या करतात. नर तो झो, नांगराला आणि ओझ्याला उत्तम, पण वांझ. मादी ती झोमो, दूध देते आणि गाभणही राहते. भूतानमध्ये मिथुन (गव्याचं पाळीव रूप) आणि गाय यांच्या संकराचं तेच: नर वांझ, मादी फळते. संकरात दोष आला तर तो आधी नरात दिसतो, म्हणजे ज्याची लिंगगुणसूत्रं एकसारखी नाहीत त्याच्यात, हे आनुवंशशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२२ मध्ये मांडलं. (हेच हाल्डेन पुढे भारतात येऊन राहिले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.) तेव्हा याक आणि गाय यांना एक स्पीशीज म्हणाल की दोन? संततीपैकी निम्मी फळते, निम्मी नाही. निसर्गात उंबरठा असा एका रेषेत नसतोच. पाठ्यपुस्तकाला रेष लागते म्हणून त्यानं ती ओढलेली असते.

आता म्हैस. पंढरपुरी, मुऱ्हा, नागपुरी, जाफराबादी या सगळ्या नदीप्रकारच्या म्हशी, गुणसूत्रं ५०. आसामच्या पलीकडं आग्नेय आशियात भातखाचरात चिखल तुडवणारी दलदलीची म्हैस, तिची ४८. त्या दोघींचा संकर ४९ गुणसूत्रांचा होतो आणि चक्क फळतो. तेव्हा 'गायीची ६०, म्हशीची ५०, आकडे जुळत नाहीत म्हणून संकर नाही' हे जे क्लासमध्ये सांगतात ते अर्धवट आहे. आकडाच सगळं ठरवत असता तर गाय आणि शेळी यांचा संकर झाला असता, कारण शेळीचीही ६०च आहेत. म्हशीची गुणसूत्रं कमी दिसतात ती बरीचशी गायीसारखीच गुणसूत्रं दोन-दोन जोडली गेल्यामुळे. खरी अडचण आतल्या मजकुराची आहे. गाय बॉस या वंशातली, म्हैस ब्युबॅलस या. एकाच कुळातल्या असल्या तरी दोघींची वाट फुटली त्याला दशलक्षांत मोजावी लागतील इतकी वर्षं झाली. एकत्र चरणाऱ्या गुरांत वळू माजावरच्या म्हशीवर उडालेला कुणी ना कुणी पाहिलेला असतो. गर्भ राहत नाही. प्रयोगशाळेत गायीचं बीजांड म्हशीच्या शुक्राणूनं फळवून पाहिलंय, पण सुरुवातीच्या थोड्या पेशीविभाजनांपलीकडं तो गर्भ सहसा जात नाही. यू-ट्यूबवर गाय-म्हशीच्या संकराचे जे व्हिडिओ फिरतात त्यांच्यावर डेटा खर्च करू नका.

याच धर्तीवर गव्याच्या गोष्टी असतात. राधानगरी, चंदगड, आजरा भागात गवे शिवारात उतरतात. तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात असताना एक शेतकरी मला बोलवायला आला: "डॉक्टर, गायीला गवा लागला होता, आता वासरू बघायला चला." वासरू काळं, चारी पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. गाव जमलेलं. कृत्रिम रेतनाचं कार्ड काढायला लावलं, तर रेताची कांडी होल्स्टिनची होती. काळा-पांढरा रंग आणि पांढरे पाय तिथून आले होते. लोकांना हे उत्तर फारसं आवडलं नाही. शंका राहिलीच तर खात्री करायचा मार्ग सोपा आहे: आपल्याकडच्या गव्याची गुणसूत्रं ५८, गायीची ६०, म्हणजे खऱ्या संकराची ५९ भरली पाहिजेत.

गव्याबद्दल आणखी एक. लोक त्याला गवारेडा म्हणतात, इंग्रज शिकाऱ्यांनी बायसन म्हटलं, दाजीपूरचं अभयारण्यही बायसनच्या नावानंच ओळखलं जायचं. पण तो रेडाही नाही आणि बायसनही नाही. तो गायीच्याच वंशातला, बॉस गॉरस. गोव्याचा राज्यप्राणीही हाच. त्याच्या पाठीवरचा उंचवटा आणि बैलाचं वशिंड यांतही फरक आहे: गव्याच्या पाठीचा कणा मणक्यांच्या लांब काट्यांमुळे वर उठलेला असतो, म्हणजे आत हाड असतं. बैलाचं वशिंड चाचपून पाहा, ते स्नायू आणि चरबीचं असतं, म्हणूनच दुष्काळात उतरतं आणि एका बाजूला कलतं. पण वशिंडवाल्या जनावराच्या पाठीच्या काही मणक्यांचे काटे टोकाला दुभंगलेले असतात. उत्खननात वशिंड सापडत नाही, मणका सापडतो, आणि त्या दुभंगावरून पुरातत्त्वातली मंडळी गाय कुठल्या शाखेची ते ओळखतात.

मग पुस्तकात दोन नावं कशी? तर स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनियसनं १७५८ मध्ये प्राण्यांना नावं दिली तेव्हा समोर जे जनावर होतं त्याला नाव दिलं. बिनवशिंडाची गाय बॉस टॉरस, वशिंडाची बॉस इंडिकस, म्हैस बॉस ब्युबॅलिस. कुत्र्याला एक नाव, लांडग्याला दुसरं. वंशावळ वगैरे तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हती, डार्विनला अजून शंभर वर्षं होती. रानटी ऑरॉक्सला बॉस प्रायमिजिनियस हे नाव मिळालं ते १८२७ मध्ये. आता नामकरणाचा नियम असा की जुनं नाव ते खरं. तो नियम काटेकोर लावला तर रानटी पूर्वजाला त्याच्या पाळीव लेकराचं नाव घ्यावं लागतं! हा घोळ मिटवायला आंतरराष्ट्रीय प्राणी-नामकरण आयोगानं २००३ मध्ये निर्णय दिला आणि १७ रानटी स्पीशीजची नावं, पाळीव रूपाचं नाव जुनं असलं तरी, कायम ठेवली. म्हणून रानम्हैस ब्युबॅलस आर्नी आणि गोठ्यातली ब्युबॅलस ब्युबॅलिस; गवा बॉस गॉरस आणि मिथुन बॉस फ्रंटॅलिस. गायीच्या बाबतीत कुणी टॉरस आणि इंडिकस अशा दोन स्पीशीज लिहितं, कुणी एकाच स्पीशीजच्या दोन उपस्पीशीज. दोन्ही लिहिणारे शास्त्रज्ञच आहेत. मी स्वतः दुसऱ्या बाजूचा. ज्यांचा संकर आपण कोट्यवधींच्या संख्येनं रोज दोहतो त्यांना दोन स्पीशीज म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हा नुसता पंडितांचा वाद वाटत असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ उघडा. रानम्हैस पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे, गोठ्यातली म्हैस कुठेच नाही. छत्तीसगडमधल्या उदंतीत आणि आपल्या गडचिरोलीच्या कोलामार्का भागात ज्या थोड्या रानम्हशी उरल्यात, त्यांच्यात गावच्या रेड्याचं रक्त मिसळू नये ही वनखात्याची कायमची चिंता आहे. दोघींच्या नावांत फरक ठेवण्याला तिथं फार व्यावहारिक अर्थ आहे.

त्याच पहिल्या अनुसूचीत हत्ती आहे, मंदिरातला असो की मुदुमलाईच्या तळावरचा. इथं तुमचा शेवटचा प्रश्न. एक जनावर माणसाळणं म्हणजे त्या जनावराची सवय बदलणं. ते मेलं की संपलं, पिल्लू पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं. पाळीव होणं म्हणजे कुणाला कुणाशी लावायचं हे माणसानं पिढ्यान् पिढ्या ठरवणं आणि त्यातून आनुवंशिक गुणच बदलणं. हत्तीचा गाभणकाळ साधारण २२ महिन्यांचा, मादी वयात यायला दहा-बारा वर्षं, आणि पिल्लू कामाला यायला आणखी तितकीच. एवढी वैरण घालून पैदास कोण करणार? जंगलातून धरून आणणं स्वस्त पडायचं. म्हैसूरकडच्या काकनकोटेचा शेवटचा खेडा (रानहत्ती हाकून धरण्याची मोहीम) १९७१ मध्ये झाला, तोवर हेच चालू होतं. तळावर हत्तीण व्यालीच तर बाप पुष्कळदा जंगलातला टस्कर. त्यामुळे हजारो वर्षं साखळदंडात राहूनही हत्ती आहे तसाच राहिला, आणि म्हणूनच त्याला वेगळं पाळीव नावही नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये ब्राँझच्या चार मूर्ती सापडल्या: बैलजोडीचा रथ, म्हैस, हत्ती आणि गेंडा. पाळीव, माणसाळणारा आणि रानटी अशा तिन्ही पायऱ्या एकाच ठेव्यात. करणाऱ्या कारागिराच्या मनात हे वर्गीकरण होतं असं मी म्हणत नाही, पण शिकवायला संच झकास आहे.

पाळीव होताना नक्की काय बदलतं, याचा सगळ्यात गाजलेला प्रयोग सैबेरियात नोवोसिबिर्स्कला १९५९ मध्ये रशियन शास्त्रज्ञ बेल्यायेव यांनी सुरू केला. चंदेरी कोल्ह्यांतून फक्त माणसाला न बुजणारे निवडायचे, बाकी काही बघायचं नाही. काही पिढ्यांत शेपट्या हलवणारे, हात चाटणारे कोल्हे आले. काहींचे कान लोळू लागले, अंगावर पांढरे ठिपके आले. निवड स्वभावाची केली आणि रूपही बदललं, असा निष्कर्ष पुस्तकांत गेला. पुढे २०१९ मध्ये काही संशोधकांनी आक्षेप घेतला की ते कोल्हे मुळात कॅनडातल्या फर फार्मवरच्या वाणाचे होते, म्हणजे त्यांची निवड आधीच चालू होती. स्वभावाचा भाग टिकला, रूपाच्या भागावर वाद आहे. परीक्षेत हा दुसरा भाग लिहिलात तर तपासणारा चमकेल.

जंगली पूर्वज एकच असतो हेही गृहीत धरू नका. परड्यातल्या गावठी कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा, आग्नेय आशियाकडचा. पण तिच्या पायांचा पिवळा रंग बघा. २००८ मध्ये सिद्ध झालं की पिवळ्या कातडीचा जनुक करड्या रानकोंबड्याकडून आलाय, म्हणजे आपल्या सह्याद्रीत पहाटे आरवतो त्या दक्षिणी पक्ष्याकडून. रेशमाच्या किड्यांत तर दोन्ही टोकं दिसतात. तुतीवरचा किडा इतका पाळीव की त्याच्या पतंगाला उडता येत नाही, माणूस नसेल तर तो वाण संपेल. आणि गडचिरोली-भंडाऱ्याकडं ऐनाच्या झाडांवर वाढवतात तो टसरचा किडा जवळजवळ रानटीच. माणूस फक्त पाखरं-मुंग्यांपासून राखण करतो.

ब्रीडबद्दल थोडंच, कारण तिथं जीवशास्त्रापेक्षा माणसाचा करार जास्त असतो. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडं ब्रीडची नोंद होते. खिल्लार, देवणी, डांगी, गवळाऊ, लाल कंधारी, कोकण कपिला या आपल्याकडच्या नोंदलेल्या गायी. डांगीच्या कातडीला तेलकटपणा असतो, त्यामुळे इगतपुरी-अकोले भागातल्या पावसात ती निथळून कोरडी होते. हा गुण त्या मुलखानं आणि तिथल्या माणसांनी मिळून निवडलेला. पण डांगी आणि खिल्लार यांत स्पीशीजचा काडीइतकाही फरक नाही.

ए-टू दुधाचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण विचारला जाणारच. ए-वन, ए-टू हा दुधातल्या एका प्रथिनात एका जागी असलेला फरक आहे. आपल्या गायींत ए-टू जवळजवळ सर्रास असतं, म्हशींतही असतं, आणि कितीतरी जर्सी-होल्स्टिनमध्येही असतं. त्यावरून गाय देशी ठरत नाही. बाटलीवरचा दर कशावरून ठरतो ते तुम्ही जाणताच.

परीक्षेपुरतं: देशी गाय बॉस इंडिकस, विदेशी बॉस टॉरस, म्हैस ब्युबॅलस ब्युबॅलिस, गुणसूत्रं ६०, ६०, ५०. सविस्तर उत्तराला जागा असेल तर 'काही शास्त्रज्ञ पहिल्या दोन्हींना एकाच स्पीशीजच्या उपस्पीशीज मानतात' हे वाक्य जोडा. आणि गोठ्यापुरतं: तुमच्या क्रॉस गायीच्या कानात बिल्ला मारायला कर्मचारी येईल तेव्हा ब्रीडच्या रकान्यात आई खिल्लार होती म्हणून खिल्लार लिहून घेऊ नका, जर्सी क्रॉसच लिहा. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या १९.२५ कोटी गोवंशापैकी सुमारे ५ कोटी संकरित आणि विदेशी धरून भरले. तुमची गाय त्यांतली. विदेशी रक्ताचं प्रमाण किती ठेवायचं आणि पुढच्या माजाला कुठली कांडी भरायची हे त्या नोंदीवरच ठरणार आहे.